चौथा कागद

इफाकारा, टांगानिका
१२ फेब्रुवारी १९५६

प्रिय मामा,

नाताळातलं माझं पत्र पोचलं नसेल तर हळहळू नका, त्यात उकाड्याच्या तक्रारींशिवाय काही नव्हतं. आज मात्र कामाचं लिहिते आहे. चष्मा लावून वाचा.

राल्फच्या वडिलांची दुनळी बंदूक, जिच्या नळ्या तुम्ही स्वतः जुळवल्यात आणि जिच्यावरून आमच्या लग्नात राल्फला ‘बायकोला एकवेळ उन्हात ठेव, हिला ठेवू नकोस’ असा दम भरलात, ती सध्या उपाशी आहे. तयार काडतुसं मिळेनाशी झाली आहेत. जी मिळतात ती युद्धाआधीची. जानेवारीत त्यातलं एक चाप ओढल्यावर क्षणभर गप्प बसलं आणि मग उडालं. समोर झाड होतं म्हणून निभावलं.

राल्फचं सोडा, मला काळजी अतुमानीची वाटते. तो माग काढतो, म्हणजे राल्फच्या दहा पावलं पुढं चालतो, आणि त्याच्या हातात काय, तर एक भाला. हत्तीपुढं भाला म्हणजे दात कोरायची काडी. त्याचा सगळा भरवसा पाठीमागच्या दोन नळ्यांवर. त्याची बायको हादिजा इथली माझी एकुलती मैत्रीण आहे. ती मला रोज सकाळी विचारते, ‘तुमची बंदूक बरी झाली का गं?’ जणू बंदुकीला खोकला झालाय.

तर आता काडतुसं मी घरीच भरते. नव्या जातीची दारू, गोळ्या, ठिणगी देणाऱ्या टोप्या, सगळं दार एस सलामहून आलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला पीठ आणि दुसऱ्या टोकाला वजनकाटा. पण पन्नास पावलांवर कागद लावून पाहिला तर उजव्या नळीची गोळी उजवीकडे जाते, डावीची डावीकडे. मधे माझा पंजा मावतो. तो पहिला कागद सोबत घातला आहे. काय चुकतंय ते लवकर कळवा. मेमध्ये भात पिकू लागला की हत्ती शेतात उतरतात, त्यांना आवरणं हीच राल्फची सरकारी नोकरी, आणि त्याआधी राल्फची सरकारी डॉक्टरकडे तपासणीही आहे. नोव्हेंबरात रानरेड्यानं त्याला पाडलं होतं ना, त्याबद्दल. गळ्याजवळचं हाड आता बरं आहे. तपासणीत नापास झाला तर नोकरी जाईल आणि नोकरीबरोबर हे घरही, पण तसं काही व्हायचं नाही.

तुमची विनी

•

बर्मिंगहॅम
२७ फेब्रुवारी १९५६

विनी पोरी,

तुझा कागद खिडकीच्या काचेला चिकटवून सकाळभर बघत बसलो. शेजारच्या मिसेस पार्जिटर रस्सा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, भाचीनं चित्र काढलंय वाटतं. म्हटलं हो, आणि फार वाईट काढलंय.

आता नीट ऐक. लोकांना वाटतं दुनळीच्या नळ्या समांतर असतात. नसतात. पुढच्या टोकाला त्या एकमेकींकडे वळलेल्या असतात, तिरळ्या माणसाच्या डोळ्यांसारख्या. उजवी नळी उडाली की गोळी बाहेर पडायच्या आत धक्क्यानं बंदूक जराशी उजवीकडे फिरते. डावी उडाली की डावीकडे. तेवढं फिरणं हिशेबात धरून आम्ही त्यांना आधीच तिरळं करून ठेवतो. दोन नळ्यांच्या तोंडांमध्ये पाचर, वर डाख, मग मैदानात जाऊन गोळ्या झाडायच्या, परत येऊन डाख वितळवायचा, पाचर केसभर सरकवायची, पुन्हा मैदान. तुझ्या या बंदुकीनं माझे नऊ दिवस खाल्ले होते.

दारू कमी पडली की गोळी नळीत रेंगाळते, बंदूक जास्त फिरते आणि गोळ्या फाकतात. तुझं तेच झालंय. दारू जास्त झाली तर उलटं. बंदूक फिरायच्या आत गोळी निघून जाते आणि दोघी एकमेकींना ओलांडतात, उजवीची डावीकडे आणि डावीची उजवीकडे. तेव्हा थोडी थोडी वाढव. आणि ही नवी दारू काडतुसाच्या पुंगळीत अर्धीच भरते, आत इकडून तिकडे घरंगळते. वर सावरीच्या कापसाचा बोळा घाल म्हणजे ती टोपीजवळ दबून राहील. नाहीतर पुन्हा ते गप्प बसणं सुरू होईल.

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. बंदूक टेबलावर टेकवून झाडायची नाही. उभं राहून, खांद्याला लावून. आणि जो माणूस ती रानात नेणार त्यानंच कागदावर झाडायची. हा आमच्या धंद्याचा धर्म आहे. मागचा खांदा किती वजनाचा, त्यावर बंदूक किती फिरेल ते ठरतं. एकदा एका काटकुळ्या सरदाराची बंदूक मी माझ्या या ढेरपोट्या देहावर जुळवली होती. त्याच्या हातात तिच्या दोन गोळ्यांची तोंडं दोन दिशांना. सहा महिने पगार कापला माझा.

म्हणून राल्फ. दुसरं कोणी नाही. कागद पाठव.

एनॉक मामा

•

इफाकारा
१८ मार्च १९५६

प्रिय मामा,

तुमचं पत्र म्हणजे शाळाच. दारू दोन ग्रेन वाढवली. गोळ्या जवळ आल्या, पण अजून चार बोटं फाकतात. दुसरा कागद सोबत आहे. आणि हो, तुमच्या धर्माप्रमाणे राल्फनंच झाडल्या, उभं राहून.

कापसाचं ऐकून अतुमानी खूश झाला. नदीकाठच्या सावरीखालून टोपलीभर बोंडं घेऊन आला. हादिजा माझ्या ओट्यावर बसून सरकी काढते, मी बोळे करते. अतुमानी उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला, “बाई, साहेबाच्या बंदुकीला दोन तोंडं, माझ्या बायकोला एकच. पण नेम बघाल तर हिचाच कधी चुकत नाही.” हादिजानं मान वर न करता त्याला बोंड फेकून मारलं. कपाळाच्या मधोमध लागलं. “बघितलंत?” म्हणाला आणि गेला.

पाऊस सुरू झालाय. रस्ता चार ठिकाणी वाहून गेला, टपाल होडीनं जातं. तुमचा खोकला कसा आहे?

तुमची विनी

•

बर्मिंगहॅम
४ एप्रिल १९५६

विनी,

खोकला माझ्यापेक्षा धडधाकट आहे.

दुसऱ्या कागदानं मला कोड्यात टाकलं. दोन ग्रेन वाढवल्यावर राल्फसारख्या आडदांड गड्याच्या गोळ्या जवळपास एकत्र यायला हव्या होत्या. तुमच्या लग्नात त्याच्या एकट्याच्या वजनानं चर्चचं बाक करकरलं होतं. हा कागद एखाद्या पाखराएवढ्या माणसानं झाडल्यासारखा दिसतो. बंदूक उचलली जातेय, फिरतेय. राल्फ वाळलाय का? त्या रेड्यानंतर काही दुखणं? हिवताप? माझ्यापासून लपवू नकोस, मी डॉक्टर नाही आणि सरकारही नाही.

आणखी एक ग्रेन वाढवून बघ. टोपी चपटी दिसू लागली किंवा पुंगळी नळीत अडकू लागली तर तिथंच थांब. काडतुसं उन्हात ठेवू नकोस, तापली की दारू जास्त भडकते.

त्याला पोटभर खायला घाल. उगाली म्हणतात ना तिकडच्या त्या लगद्याला, त्यानं काही होत नाही. मांस घाल.

एनॉक मामा

•

इफाकारा
२५ एप्रिल १९५६

प्रिय मामा,

जमलं! तिसरा कागद बघा. दोन भोकं एकमेकांना खेटून आहेत, वर चहाची कपबशी ठेवली तर दोन्ही झाकली जातील. चार वेळा झाडून पाहिलं, चारही वेळा तसंच. पुंगळ्या सुटसुटीत निघतात.

तुम्ही बरोबर ओळखलंत. राल्फ तापानं बराच वाळला आहे. मांस घालते आहे. काळजी करू नका.

या कागदाची एक प्रत राल्फनं जेवणाच्या खोलीत भिंतीवर लावली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो. म्हणतो, आता जवळ जायची गरजच नाही, पन्नास पावलांवर असं बसतंय तर पन्नासवरूनच बसवीन. अतुमानीनं कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, “हत्तीला पण दाखवा एकदा. बघून आपणहून परत जाईल.”

मी फार दमले आहे पण फार आनंदात आहे. तुमचे उपकार कसे फेडू?

तुमची विनी

•

बर्मिंगहॅम
९ मे १९५६

विनी,

शाबास. माझ्या वयाच्या सत्तराव्या वर्षी मला शिष्य मिळाला आणि तो निघाला स्वयंपाकघरात बसणारा. तिसरा कागद मी मिसेस पार्जिटरना दाखवला. त्यांना कळलं काहीच नाही, पण त्यांनी मान डोलावली.

एक लक्षात ठेव. राल्फ पुन्हा अंगानं भरला की आणखी एक कागद झाडून घ्या. तेव्हा ही दारू त्याला जास्त होईल आणि गोळ्या एकमेकींना ओलांडतील. आणि त्याला सांग, कागद हा कागद असतो. दुनळी पंधरा पावलांची बाई आहे, तिला लांबून हाका मारायच्या नसतात.

उपकार फेडायचे तर राल्फची तपासणी पास झाल्याची तार कर.

एनॉक मामा

•

बर्मिंगहॅम
२ जुलै १९५६

विनी,

तार नाही, पत्र नाही. टपाल होडीनं जातं हे ठाऊक आहे, पण दोन महिन्यांत होडी बुडली तरी कळतं. मिसेस पार्जिटर म्हणतात, मूलबाळ होणार असेल म्हणून लाजत असेल. मला तसं वाटत नाही. तू लाजरी कधीच नव्हतीस. आईबाप गेल्यावर सात वर्षांची माझ्याकडे आलीस ती पहिल्याच दिवशी माझी कानस मागून घेतलीस. गप्प बसायचीस ती फक्त काही मोडलं की.

काय मोडलंय?

मामा

•

इफाकारा
२१ जुलै १९५६

मामा,

अतुमानी गेला. मे महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी.

मी आधी कसं झालं ते लिहिते, मग का झालं ते. उलट क्रमानं लिहायची हिंमत नाही.

राल्फ तपासणीत पास झाला होता. डॉक्टरनं हात वर करायला सांगितला, त्यानं दात खाऊन केला. दुसऱ्याच आठवड्यात नदीपलीकडच्या भातात एकटा नर हत्ती उतरला. दोघं पहाटे निघाले. शेताच्या टोकाशी हत्ती त्यांच्याकडे तोंड करून उभा होता. एरवी राल्फ पंधरा पावलांपर्यंत गेला असता. त्या दिवशी पन्नासवर थांबला. खांद्यामुळं पळता येणार नव्हतं आणि भिंतीवर कागद होता. अतुमानी नेहमीसारखा पुढं, गुडघा टेकून बसलेला. राल्फनं कपाळाच्या मधोमध उजवी नळी झाडली. हत्ती हलला पण पडला नाही. डावी झाडली. पडला नाही. तो सरळ आला आणि त्याच्या वाटेत पहिला अतुमानी होता. राल्फनं पुन्हा काडतुसं भरली आणि अगदी जवळून, कानाजवळ गोळी घालून त्याला पाडलं, पण तेव्हा हत्ती अतुमानीवरून उठत होता.

राल्फ तेव्हापासून बंदुकीला हात लावत नाही. नोकरीचा राजीनामा दिलाय. दिवसभर पडवीत बसून उजवा हात डोळ्यांपुढं धरतो आणि तो कापतोय का ते बघतो. म्हणतो, “विनी, मी घाबरलो. दोन्ही वेळा चाप ओढताना दचकलो. एवढी चांगली बंदूक, एवढी चांगली काडतुसं. मीच कुचकामी.” परवा मी त्याच्या कपाटातला दाढीचा वस्तरा लपवला.

आता का झालं ते.

हत्तीचे सुळे काढायला माणसं गेली तेव्हा मीही गेले. कातडं सोलल्यावर कपाळाच्या हाडावर कागद ठेवला आणि कोळशानं घासून भोकं उतरवली. मधली फुली म्हणजे राल्फनं नेम धरला होता ती जागा, ती मी त्यालाच विचारून काढली. हा चौथा कागद. तुम्ही वाचा. मी वाचलाय, पण माझ्यावर माझा विश्वास उरला नाही.

आणि मामा, पहिले तीन कागद राल्फनं झाडले नव्हते. सगळे मी झाडले. त्याचं हाड नीट सांधलं नव्हतं. एक गोळी झाडली की रात्रभर कण्हायचा. वाटलं, तपासणीपर्यंत आणि हत्तीपर्यंत तो खांदा राखून ठेवावा. माझा खांदा एप्रिलभर वांग्यासारखा निळा होता. हादिजा तेल चोळायची. तुम्ही तो नियम लिहिलात तो मी राल्फला वाचूनच दाखवला नाही. वाटलं, म्हाताऱ्यांचं काहीतरी असतं. तुम्ही विचारलंत की वाळलाय का, तर मी हो म्हटलं. तो वाळला नाही मामा. होता तसाच आहे.

विनी

•

बर्मिंगहॅम
३ ऑगस्ट १९५६

विनी पोरी,

तू विचारलंस म्हणून वाचतो.

फुलीच्या डावीकडे चार बोटांवर एक भोक, उजवीकडे चार बोटांवर दुसरं. दोन्ही एकाच उंचीवर. एक जवळ, एक लांब असं काही नाही, अंतर बरोबर सारखं. घाबरलेल्या माणसाच्या गोळ्या अशा पडत नाहीत. दचकणारा खाली ओढतो, एका बाजूला ओढतो, आणि दोन वेळा सारखा तर कधीच दचकत नाही. डावं भोक उजव्या नळीचं आणि उजवं भोक डाव्या नळीचं, हे मी इथं बसून शपथेवर सांगतो. गोळ्या एकमेकींना ओलांडून मेंदूच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. मागं जड खांदा होता, दुखतो म्हणून त्यानं बंदूक आवळूनही धरली असणार, आणि काडतुसं भरली होती हलक्या खांद्यासाठी. पंधरा पावलांवर हा फरक नखाएवढाही दिसला नसता. पन्नासवर दिसला.

राल्फचा नेम त्या दिवशी अचूक होता. समोर हत्ती, खांदा मोडका, आणि दोन्ही वेळा फुलीवरून हलला नाही. पन्नास वर्षांत इतके पक्के हात मी चारदोनच पाहिले.

हे त्याला सांगायला हवं. तू सांगितलं नाहीस तर तो हात बघत बघत एक दिवस वस्तरा शोधून काढेल. सांगितलंस तर दोष कुठं जाऊन बसेल ते तुला कळतंच आहे. म्हणून मी त्याला वेगळं पत्र लिहून चौथ्या कागदासकट यातच घातलंय. पाकीट चिकटवलेलं नाही. त्यात फक्त चौथा कागद काय म्हणतो ते आहे, पहिल्या तिन्हींबद्दल अक्षर नाही. ते तुझं तू ठरव.

दुसरा कागद पाहिला तेव्हाच मला दिसलं होतं की हा राल्फ नाही. मला ते सरळ म्हणायचा संकोच वाटला, म्हणून दुखण्याचं विचारलं. भाचीला खोटं बोलतेस म्हणू नये, एवढंच. या संकोचाचं मी आता काय करू?

मामा

•

इफाकारा
२६ ऑगस्ट १९५६

मामा,

तुमचं पत्र मी राल्फला दिलं आणि ते वाचून व्हायच्या आतच बाकीचं सगळं सांगून टाकलं. मधे थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

तो आत गेला, भिंतीवरची तिसऱ्या कागदाची प्रत काढून आणली आणि चौथ्याशेजारी मांडीवर ठेवली. उजवा हात वर ठेवून बघितलं. हात कापत नव्हता. मग लहान मुलासारखा रडला. रडून झाल्यावर म्हणाला, “मला विचारलं असतंस तर मी सगळ्याच्या सगळ्या गोळ्या झाडल्या असत्या. कण्हलो असतो, दुसरं काय झालं असतं?” आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून तो रात्री झोपतो. मी झोपत नाही. आम्ही एकाच टेबलावर जेवतो आणि मीठ मागायचं असलं तरच बोलतो.

दुसऱ्या दिवशी त्यानं टोपी घातली आणि म्हणाला, “हादिजाला कोण सांगणार?” मी म्हटलं, मी एकटीच जाते.

हादिजा अंगणात सुपानं भात पाखडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. दारू, खांदा, वजन. तिला समजणार नाही असं वाटत होतं. कशाला समजणार नाही? माझ्या खांद्याला तेल तिनंच चोळलं होतं. तिनं सूप खाली ठेवलं आणि एकच विचारलं.

“म्हणजे त्या दिवशी साहेबाच्या जागी तू गेली असतीस, तर बंदूक खरी बोलली असती?”

मी म्हटलं, “हो.”

“माझा माणूस घरी आला असता?”

“हो, हादिजा.”

ती उठून आत गेली. मला वाटलं काठी घेऊन येईल, आणि मामा, मी डोकं खाली घालून बसून राहिले. ती टोपली घेऊन आली. सावरीची बोंडं होती, वरपर्यंत भरलेली, काही फुटून कापूस बाहेर आलेला. माझ्या पायाशी ठेवली.

“आदल्या दिवशी त्यानं तुझ्यासाठी वेचून ठेवली होती,” ती म्हणाली. “म्हणाला, विनीबाईला लागतील. घेऊन जा.”

मी घेऊन आले. टोपली स्वयंपाकघरात टेबलावर आहे.

विनी